महजर आणि हरकत

सरकारी राजपत्रांत, आणि मराठी वृत्तपत्रांच्या आंतल्या पानाच्या एखाद्या कोपऱ्यांत बारीक टायपानें छापलेलें एक वाक्य आमच्या वसईकडच्या लोकांस अगदीं पाठ झालेलें आहे. अमुक आराखडा प्रसिद्ध करण्यांत येत असून त्याविषयीं ज्यांस कांहीं हरकती अथवा सूचना करावयाच्या असतील त्यांनीं त्या अमुक मुदतींत लेखी पाठवाव्या, असें तें वाक्य. इतरत्र हें वाक्य वाचून लोक पान उलटीत असतील. वसई-विरारच्या पट्ट्यांत मात्र गेल्या पस्तीस वर्षांत ह्या वाक्यानें देवळांचीं आवारें आणि चर्चांचीं अंगणें भरविलीं आहेत, मोर्चे काढविले आहेत, आणि एका निवडणुकीचा निकालहि फिरविला आहे. सरकारच्या विकासाच्या धोरणांत प्रजेनें बोलावयाचें तें कोठें, केव्हां व किती, ह्या प्रश्नाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो ह्या लहानशा वाक्याभोंवतींच लिहावा लागेल. वसईचा इतिहास म्हटला म्हणजे आमचे लेखक किल्ल्यापाशीं जातात, १७३९ सालच्या चिमाजी अप्पांच्या विजयाचें वर्णन करितात आणि परत फिरतात. किल्ल्याच्या उत्तरेस ज्या बागायती आहेत त्यांनीं त्यापुढें काय पाहिलें, हें सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधांत केला आहे.

आरंभीं दोन शब्दांचा विचार करूं. हरकत हा शब्द मूळ अरबी. त्या भाषेंत त्याचा अर्थ हालचाल असा आहे. मराठींत येऊन तो अडथळा ह्या अर्थीं रुळला. महजर हाहि शब्द अरबीच. हजर, हुजूर हे त्याचे सख्खे भाऊबंद. महजर म्हणजे जो निर्णय सर्वांच्या हजेरींत झाला त्याचा कागद. शिवकाळांत आणि पेशवाईंत वतनाचा तंटा पडला, शिवेचा वाद निघाला, म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार जमत. वादी-प्रतिवाद्यांचें ऐकून घेत आणि निर्णय लिहून त्यावर आपापल्या निशाण्या करीत. कुणब्याची निशाणी नांगर. इतरांनीं आपापल्या धंद्याचें हत्यार काढावें. क्वचित् एखाद्या स्त्रीची बांगडी. अक्षरशत्रु मनुष्यहि त्या कागदावर हजर असे, आणि त्याच्या हजेरीवांचून कागद पुरा होत नसे.

ह्यावरून पूर्वीं सर्व कांहीं लोकमतानें चाले असा समज कोणी करून घेऊं नये. महजर होत तो बहुधा वतनाच्या हक्कांविषयीं. किती सारा घ्यावा, कोठें किल्ला बांधावा, हें गोतास कोणी विचारीत नसे. ज्यास वतन नाहीं त्यास सभेंत जागा नाहीं, ही मर्यादा तर उघडच होती. आमच्या सांगण्याचा मुद्दा एवढाच कीं, महजरांत लोकांचें मत हा निर्णयाचाच भाग असे. हरकतींत निर्णय आधीं झालेला असतो, लोकांचें मत मागाहून येतें, आणि त्याला येतांनाच अडथळा हें नांव मिळतें.

हा पालट इंग्रजींत झाला, आणि त्याचें एक मोठें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत घडलें. १८७८ सालीं जंगलचा कायदा झाला व ठाणें जिल्ह्यांत (वसई तालुका तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होता) जंगलाच्या हद्दी आंखण्याचें काम जोरानें सुरू झालें. कोंकणांतील भातशेती राबावर चाले. पावसापूर्वीं रोपाच्या वाफ्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाला, गवत, शेण ह्यांचे थर पसरून वर माती घालावयाची व तें सारें भाजावयाचें. त्या राखेंत बीं पेरावयाचें आणि रोप वीतभर झालें कीं उपटून खांचरांत लावावयाचें. जंगलखात्याच्या अधिकाऱ्यांस हा सर्व प्रकार झाडांचा खून वाटला. शेतकऱ्यास तो पिकाचा प्राण वाटत होता. फांद्या तोडण्यास मनाई होऊं लागली तशी ओरड वाढली, अर्ज गेले, सभा झाल्या. अखेर १८८५ सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांतील गाऱ्हाणीं तपासण्यासाठीं एक कमिशन नेमिलें, आणि त्याचा अहवाल १८८७ सालीं चार खंडांत बाहेर पडला.

चार खंड! एका राबासाठीं एवढें लिहिलें गेलें हें आज वाचून नवल वाटतें. परंतु ह्या कमिशनाचें महत्त्व असें कीं, एक शेतीची रीत शास्त्रीय कीं अडाणी ह्याचा निवाडा करितांना सरकारनें ती रीत पाळणाऱ्यांचें म्हणणें लिहून घेतलें व तें छापलें. छापल्यामुळें सरकारला तें नंतर ऐकलें नाहीं असें म्हणतां येईना. ह्या गोष्टीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अर्ज लिहिणारे, सभा भरविणारे बहुतेक इनामदार, खोत, सावकार व वकील. ज्या वारली आणि काथोडी लोकांचें जिणें जंगलावर सर्वांत अधिक विसंबून होतें, त्यांचें म्हणणें बहुधा दुसऱ्याच्याच तोंडून बोललें गेलें, आणि दुसऱ्याचें तोंड स्वतःचा घांस विसरत नाहीं. सुनावणींत कोण बोलला ह्याइतकेंच कोणाच्या वतीनें कोण बोलला हें पाहावें, हा धडा आम्हीं तेथूनच घेतला पाहिजे. पुढें वसईंत तो आम्हांस लागणार आहे.

शहरांच्या रचनेचा कायदा मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं झाला. हिंदुस्थानांतला ह्या जातीचा तो पहिला. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्यानें स्थानिक संस्थांवर आपल्या सबंध हद्दीचा विकास आराखडा करण्याचें बंधन घातलें. आणि आज जो चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याची रीत थोडक्यांत अशी. नियोजन करणाऱ्या संस्थेनें आराखडा करण्याचा मनोदय जाहीर करावा, जमिनीची पाहणी करावी, प्रारूप नकाशा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या, एका समितीनें हरकतदारांस बोलण्याची संधि देऊन अहवाल द्यावा, आणि मग सर्व कागद मंजुरीसाठीं राज्य सरकारकडे जावे. मनोदय जाहीर करितांनाहि सूचना मागविण्याची तरतूद आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण त्या वेळीं लोकांपुढें नकाशा नसतो, नुसता मनोदय असतो. आणि मनोदयावर कोण काय बोलणार? नकाशा येतो तेव्हां त्यावर रंग भरलेले असतात. आपल्या वाडीवरून पिंवळा रंग गेला कीं हिरवा राहिला, एवढेंच मग पाहावयाचें. प्रत्येक हरकतदारास कारणांसह उत्तर दिलें पाहिजे, असें बंधन मात्र ह्या कायद्यानें कोठेंहि घातलेलें नाहीं. सर्व कथेचें मर्म ह्या उणीवेंत आहे असें आम्हांस वाटतें.

आतां वसईकडे वळूं. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा; आणि मधोमध मुंबईला जाणारी आगगाडी. रुळांच्या पश्चिमेस आगाशी, निर्मळ, वाघोली, नाळे, गास, भुईगांव, नंदाखाल अशीं गांवें. त्यांत सामवेदी ब्राह्मण, कुपारी ख्रिस्ती, वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी राहतात. केळीच्या, फुलांच्या, पानवेलींच्या वाड्या; आगाशीचीं सुकेळीं तर प्रसिद्धच आहेत. हें सर्व उभें आहे तें वाळूखालच्या गोड्या पाण्याच्या एका पातळ थरावर. पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं जागोजाग खणलेलीं बावखलें आणि विहिरी हा थर भरीत असत. तो थर फाजील उपसला कीं खालून समुद्र वर येतो. हें ज्ञान वसईच्या शेतकऱ्यास कोणत्याहि कमिशनाशिवाय होतें.

मुंबईला जागा अपुरी पडूं लागली तेव्हां गाडी जेथवर जाते तेथवर वस्ती जाणार हें ओघानेंच आलें. १९८० च्या दशकांत रुळांच्या दोहों बाजूंस इमारती उठूं लागल्या, आणि त्यांना पाणी नसल्यामुळें बागायतदारांच्या विहिरींचें पाणी टँकरांनीं विकलें जाऊं लागलें. त्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्याचें मोठें क्षेत्र बांधकामास खुलें होण्याची वेळ आली. तेव्हां ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभारिली. एका कॅथॉलिक धर्मगुरूनें पाण्याच्या टँकरांविरुद्ध व इमारतींच्या धंद्याविरुद्ध उभें राहावें, आणि त्याच्यामागें सर्व जातिधर्मांचे वाडीवाले उभे राहावे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनांत नवी होती. ह्याच दिब्रिटोंस पुढें २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद मिळालें. २०२४ च्या जुलैंत ते निवर्तले.

१९९० सालीं राज्य सरकारनें वसई-विरार उपप्रदेशासाठीं सिडकोस विशेष नियोजन प्राधिकरण नेमिलें. नवी मुंबई वसविणारी ही संस्था. तिचा अनुभव मोठा, पण ती येथल्या लोकांनीं निवडलेली नव्हे. त्या दशकांत तिचा प्रारूप आराखडा पुढें आला आणि हजारों हरकती दाखल झाल्या. आमच्या मतें वसईच्या इतिहासांतला महत्त्वाचा क्षण मोर्चाचा नसून हा आहे. वाडींत काम करणाऱ्या माणसानें प्रथमच नकाशा जमिनीवर पसरला, त्यावर आपला सर्व्हे नंबर बोटानें शोधला, रस्त्याची रुंदी मोजली, हा रस्ता आपल्या बावखलांतून जातो हें पाहिलें आणि तें अर्जांत लिहिलें. शिकलेल्या मुलांनीं बापांना नकाशा वाचून दाखविला. सरकारी भाषेंतला चटई क्षेत्र निर्देशांक हा बोजड शब्द वसईच्या बाजारांत भाजीच्या भावासारखा बोलला जाऊं लागला. नांगराची निशाणी करणारा कुणबी महजरावर हजर असे, तसा हा वाडीवाला आतां नकाशावर हजर झाला.

ह्याचा उपयोग झाला काय? कांहीं झाला. पश्चिमेच्या बागायती पट्ट्याचा बराच भाग हरित म्हणून राहिला, तो ह्या ओरडीवांचून राहिला असता असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु आराखड्यास अंतिम मंजुरी मिळाली ती २००७ च्या फेब्रुवारींत. प्राधिकरणाच्या नेमणुकीपासून मंजुरीपर्यंत सतरा वर्षें गेलीं, आणि इमारतींना हरकतींच्या निकालाची वाट पाहण्याचें कारण नव्हतें. नालासोपाऱ्याच्या पूर्वेस परवान्यांवांचून चाळी व इमारती उठल्या. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची वस्ती सवाबारा लाखांच्या घरांत भरली. आराखड्यांत सांडपाण्याच्या व कचऱ्याच्या सोयीसाठीं राखून ठेवलेल्या नालासोपाऱ्याच्या एका भूखंडावर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानें २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभीं पाडण्यांत आल्या, आणि त्यांतलीं कुटुंबें रस्त्यावर आलीं.

येथें राबाच्या कमिशनाचा धडा आठवावा. हरित पट्ट्याच्या सुनावणींत बोलला तो जमिनीचा मालक. मुंबईंत घर न परवडल्यामुळें नालासोपाऱ्यांत येणारा कामगार त्या सुनावणींत नव्हता, असणारहि कसा? तो तेव्हां अजून तेथें राहावयास आलेला नव्हता. पूर्वेकडील पाड्यांतले आदिवासीहि त्या गर्दींत फारसे दिसले नाहींत. हरित वसईच्या लोकांचा ह्यांत दोष नाहीं. त्यांनीं आपलें गाऱ्हाणें मांडलें आणि तें खरें होतें. पण जो अजून आला नाहीं त्याच्या वतीनें बोलण्याचें काम ज्या सरकारचें होतें, तें सरकार त्या वेळीं हरकती मोजीत बसलें होतें. २०१८ च्या जुलैंत चार दिवस सबंध शहर पाण्यांत बुडालें, मिठागरांतले लोक अडकून पडले, तेव्हां जुने मालक आणि नवे भाडेकरी दोघेहि एकाच पाण्यांत उभे होते. नंतर महानगरपालिकेनें नीरी व मुंबईची आय. आय. टी. ह्या संस्थांच्या तज्ज्ञांकडून पुराचीं कारणें तपासून घेतलीं. पाणी सांठून राहील अशा जागा राखणें कसें अगत्याचें आहे हें पुन्हां चर्चेंत आलें. बावखल म्हणजे दुसरें काय असतें?

दुसरें प्रकरण गांवांचें. ३ जुलै २००९ रोजीं चार नगरपरिषदा आणि भोंवतालचीं ५३ गांवें एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. पुष्कळ गांवांस तें नको होतें. ग्रामपंचायत गेली म्हणजे ग्रामसभा गेली, आणि ग्रामसभा हीच एक जागा अशी कीं जेथें हरकतीपलीकडचें बोलतां येतें, हें त्यांनीं अचूक ओळखलें होतें. त्याच वर्षाच्या विधानसभेच्या निवडणुकींत ह्या गांवांचा प्रश्न घेऊन उभे राहिलेले विवेक पंडित वसईंतून अपक्ष म्हणून निवडून आले. अर्जानें जें झालें नाहीं तें मतपेटीनें होईल असें वाटलें, आणि थोडें झालेंहि. २०११ सालीं सरकारनें २९ गांवें वगळण्याचा निर्णय केला. परंतु प्रकरण न्यायालयांत गेलें व तेथें वर्षानुवर्षें पडून राहिलें. गांवें वगळलेलींहि नव्हतीं आणि मनानें सामीलहि नव्हतीं. २०२४ सालीं सरकारनें तो निर्णय मागें घेऊन गांवें महानगरपालिकेंतच ठेवण्याची अधिसूचना काढिली आणि पुन्हां तेंच वाक्य छापलें, हरकती व सूचना. तेरा वर्षांपूर्वीं जिंकलेली गोष्ट लोकांनीं पुन्हां पहिल्या ओळीपासून मागावयाची!

भाषेचीहि एक अडचण आहे. २०१६ सालीं मुंबई महानगर प्रदेशाच्या नव्या प्रादेशिक आराखड्याचें प्रारूप प्रसिद्ध झालें तेव्हां तें मराठींत मिळावें ही मागणी पुढें करावी लागली. ज्याची जमीन जावयाची त्याला ती कशी जाणार हें त्याच्या भाषेंत सांगावें, ह्याहून साधी मागणी ती काय असणार? पुढें २०२० सालीं पर्यावरण-परिणामांच्या नव्या नियमांचें प्रारूप आठव्या परिशिष्टांतील सर्व भाषांत प्रसिद्ध करण्याचा आदेश दिल्लीच्या उच्च न्यायालयानें दिला. राज्यकारभाराच्या भाषेचा वाद शिवकालापासूनचा आहे, आणि अजून तो न्यायालयांत जाऊन सोडवावा लागतो.

लोकांस विचारावें कसें, हा प्रश्न जगांत इतरत्रहि पडला आहे. इंग्लंडांत १९६९ सालीं स्केफिंग्टन समितीनें नगररचनेंत लोकांचा सहभाग आराखडा होण्याआधींपासून असावा असें सुचविलें. केरळांत १९९६ सालीं लोकयोजनेची मोहीम निघाली, तींत नियोजनाच्या खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग स्थानिक संस्थांच्या हातीं देऊन ग्रामसभांना आधींच विचारण्यांत आलें; पैसा हातीं असला म्हणजे सूचनेचें वजन निराळेंच होतें. पण इतकें दूर जाण्याची गरज नाहीं. वसईहून उत्तरेस, आतां ज्या पालघर जिल्ह्यांत वसई आहे त्याच जिल्ह्यांत डहाणू तालुका आहे. १९९१ सालीं हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्यासाठीं एक प्राधिकरण स्थापन झालें. न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. वाढवण येथें मोठें बंदर बांधण्याची योजना ह्या प्राधिकरणानें १९९८ सालीं नाकारली. पुढें २०२३ सालीं, धर्माधिकारी हयात नसतां, त्याच प्राधिकरणानें त्याच जागच्या नव्या योजनेस अटी घालून परवानगी दिली. ह्या दोहोंपैकीं कोणता निर्णय योग्य ह्याविषयीं वाचकांत मतभेद असेल. आमचा कल पहिल्याकडे आहे. परंतु दोन्ही निर्णय कारणांसह लिहिलेले आहेत, आणि म्हणूनच ते शेजारीं शेजारीं ठेवून वाचतां येतात, त्यांवर भांडतां येतें. उलट त्याच बंदराची सार्वजनिक सुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजीं पालघरास झाली. मोठा बंदोबस्त होता, मच्छिमारांनीं विरोध केला. जून महिन्यांत मंत्रिमंडळाची मंजुरी आली आणि ऑगस्टांत पायाभरणी झाली. सुनावणींत बोललेल्या कोळ्यास आपल्या बोलण्याचें काय झालें हें कोणाकडून कळावयाचें?

हा लेखक वसईचाच असल्यामुळें एक घरची गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. आमच्या वाडीच्या मागें एक बावखल आहे. एका आराखड्यांत त्यावरून रस्ता दाखविला होता, म्हणून वडिलांनीं हरकत घेतली. नांवाचा पुकारा दुपारीं झाला. आंत टेबलामागें तिघे बसले होते. वडिलांनीं बावखल कोणत्या महिन्यांत किती भरतें, विहिरीचें पाणी त्यामुळें कसें टिकतें, हें सांगण्यास सुरुवात केली. त्यांना पांच मिनिटें मिळालीं. नोंद घेतली आहे, असें त्यांतल्या एका गृहस्थांनीं सौजन्यानें सांगितलें. उत्तर आलें नाहीं. रस्ताहि अद्याप झालेला नाहीं. तो आमच्या हरकतीमुळें राहिला कीं पैशाच्या अभावीं, हें आम्हांस माहीत नाहीं. हरकत पोंचल्याची शिक्क्याची चिठ्ठी मात्र आईनें सातबाराच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटींत ठेविली आहे, आणि राजपत्रांत तें वाक्य पुन्हां छापून आलें कीं वडील ती काढून तिच्यावरचा क्रमांक वहींत उतरून घेतात.